यादीत दिसते, पन सापडत नाई

डेटाबेस साफ बंद पडला तर मला बरं वाटतं. लोकांना हे ऐकून विचित्र वाटतं पण खरंय ते, बंद पडलेला डेटाबेस निदान ओरडतो, एरर येते, काम थांबतं, सगळे तुमच्याकडे बघतात आणि मग जे करायचं ते करायला मोकळीक मिळते. इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधायची सूची, बिघडलेला डेटाबेस मात्र चालू असतो. पावत्या निघतात, बेरजा लागतात, मालकाच्या मोबाईलवर रोजचा रिपोर्ट जातो, आणि मधूनच एखादा माणूस त्याला सापडेनासा होतो. एररबिरर काही नाही. "शून्य ओळी" म्हणतो आणि गप्प बसतो.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात राहते आणि घरूनच बाहेरच्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळते. गावात मला कम्प्युटरवाली ताई म्हणतात, त्यात प्रिंटर दुरुस्तीपासून पीक विम्याच्या फॉर्मपर्यंत सगळंच येतं. आमच्या भागात कापसामुळे जिनिंगांचा तोटा नाही, त्यातल्याच जवळच्या एका जिनिंगचा सर्व्हर मी बघते, ओळखीचं काम आहे, पैसे उशिरा येतात पण येतात. दिवाळी झाली की तिथे गाड्यांची रांग सुरू होते, ट्रॅक्टर, मेटाडोर, अजूनही एखाददुसरी बंडी. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, गाडी खाली होते, रिकाम्या गाडीचं वजन होतं, आणि दोन वजनांच्या फरकावर त्या कास्तकाराच्या खात्यात पैसे जमा होतात. खातं उघडायचं ते नंबर टाकून. म्हणजे तो नंबर सापडणं ही काही हौसेची गोष्ट नाही, त्याच्यावर कोणाचं तरी वर्षभराचं पीक लटकलेलं असतं.

डिसेंबरात तिथल्या दिवाणजींचा फोन आला. "पोरी, एक इचारू का? मानूस यादीत दिसते, पन नंबर टाकून धुंडलं त सापडत नाई. असं काहून होते वं?"

मी मोठमोठ्या कंपन्यांची तिकिटं, म्हणजे लेखी तक्रारी, वाचलेली आहेत. "सिस्टीम स्लो आहे, प्लीज चेक" एवढंच लिहून मोकळे होणारे इंजिनियर बघितलेत. त्यांच्यापुढे दिवाणजींचं हे एक वाक्य म्हणजे अर्धं निदान होतं. यादी दाखवताना डेटाबेस अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, नंबर टाकून शोधताना इंडेक्सच्या वाटेने जातो. एका वाटेने माणूस भेटतो, दुसऱ्या वाटेने नाही. मग वाट बिघडली, माणूस जागेवरच आहे.

हे तपासायला फार काही लागत नाही. त्यांच्याकडे पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसची १३ वी आवृत्ती आहे. मी घरूनच पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायची खिडकी, उघडलं, दिवाणजींनी दिलेल्या खाते नंबरावर साधी सिलेक्ट, म्हणजे शोधायची कमांड, मारली, शून्य ओळी. मग त्याच सेशनमध्ये, म्हणजे त्याच जोडणीत, इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन ह्या इंडेक्स वापरायच्या तिन्ही वाटांच्या एनेबल सेटिंग ऑफ केल्या, तीच सिलेक्ट परत, आणि आला बाहेर, एक ओळ, नाव गाव सगळं जागच्या जागी. तिसरी सेटिंग लोक विसरतात आणि मग बिटमॅपच्या मार्गाने तोच बिघडलेला इंडेक्स परत वापरला जातो अन् "मी तर इंडेक्स बंद केला होता" म्हणत डोकं धरून बसतात. ह्या सेटिंग फक्त आपल्या सेशनपुरत्या असतात, बाकी कोणाला काही फरक पडत नाही, त्यामुळे चालू सर्व्हरवर बिनधास्त करून बघायच्या.

दिवाणजींना समजवायला मला फार शोधावं लागलं नाही, त्यांनी आयुष्य किर्द आणि खतावणीत काढलंय. किर्दीत व्यवहार जसा आला तसा, तारखेच्या क्रमाने. खतावणीत तेच व्यवहार खात्याखात्याने, आणि तिथून किर्दीचं पान सापडतं. टेबल म्हणजे किर्द, इंडेक्स म्हणजे खतावणी. खतावणी फाटली, भिजली, उंदराने खाल्ली तरी किर्दीवरून नवी उतरवता येते, एक पैसा हरवत नाही. त्यावर ते लगेच म्हणाले, "अन् खतावनीत सापडला नाई म्हनून कोनं त्याचं नवं खातं उघडलं असन त?" मी फोनवर गप्पच झाले, कारण मला ज्याची भीती वाटत होती ते त्यांनी माझ्याआधी बोलून टाकलं होतं.

पुढे काय हे कोणीही सांगेल. रीइंडेक्स मारा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा. एका ओळीची कमांड आहे, रीइंडेक्स इंडेक्स आणि पुढे इंडेक्सचं नाव, किंवा पीएसक्यूएलमध्ये न शिरता बाहेरूनच रीइंडेक्सडीबी. मालकांचा नागपूरचा भाचाही फोनवर हेच सांगून राहिला होता, आणि ते जमलं नाही तर सर्व्हर बंद करून चालू करा. मला ते करायचं नव्हतं, आणि त्यावरून थोडी कुरबूर झाली, कारण बाहेर गाड्या उभ्या होत्या आणि मालकांना माझी चौकशी चोचले वाटत होती. माझं म्हणणं साधं होतं. इंडेक्स आपोआप बिघडत नाही. डिस्क खराब असेल, रॅम खराब असेल, लाईट गेल्यावर डिस्कने "लिहिलं" म्हणून खोटं सांगितलेलं असेल, सॉफ्टवेअरमधला बग असेल, किंवा आणखी काही. डिस्क खराब असेल आणि मी त्याच डिस्कवर नवा इंडेक्स बांधला तर चार दिवसांनी परत तेच, आणि तोवर जुना पुरावा मीच पुसून टाकलेला असेल. बिघडलेल्या इंडेक्सची फाईल हा पुरावा असतो, तिची कॉपी ठेवल्याशिवाय तिच्यावरून हात फिरवू नये ह्या मताची मी आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी काढून जिनिंगवरच गेले. सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत, खिडकीला जाळी, जाळीवर रुईच्या तंतूंचा जाड थर. लॉग बघितले, डिस्कची स्मार्ट तपासणी, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघितली, कर्नलच्या मेसेजमध्ये वाचण्या-लिहिण्याच्या एररी शोधल्या, सगळं स्वच्छ. मशीन नवीनच होतं, त्याच हंगामाच्या सुरुवातीला घेतलेलं.

मग दिवाणजींनी ड्रॉवरमधून एक शंभर पानी वही काढली. जो जो खातेदार "सापडला नाई" त्याचा नंबर, गाव, तारीख, सगळं त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. मी ती वही चहा थंड होईपर्यंत बघत बसले. बघता बघता दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे वहीची पहिली नोंद नवा सर्व्हर सुरू झाल्याच्या लगेच नंतरची होती, त्याआधी ही तक्रारच नव्हती. दुसरी म्हणजे नंबरांची जात. त्या जिनिंगमध्ये जुन्या खात्यांना नुसते नंबर आहेत, ११, ११२, १२७ असे, आणि नंतर आजूबाजूची गावं वाढली तेव्हा गावाचा नंबर, मध्ये आडवी रेघ आणि मग खात्याचा नंबर अशी पद्धत सुरू झाली, १-१, १-१२, १२-७. हरवणारी खाती बहुतेक तिथली होती जिथे जुनी पद्धत आणि नवी पद्धत आकड्यांत एकमेकींत घुसते. हा कॉलम टेक्स्ट प्रकारचा, म्हणजे नंबर अक्षरांसारखा साठवणारा, आहे हे मला माहीत होतं. तारखेवर किंवा पूर्णांकावर असलेल्या एकाही इंडेक्सबद्दल वहीत तक्रार नव्हती.

जुनं मशीन गोदामात सरकीच्या पोत्यांमागे पडलेलं होतं. ते झटकून आणलं, चालू केलं, सुदैवाने झालं. दोन्ही मशीनच्या कमांड लाईनवर एकच गोष्ट केली, १-१ आणि ११ ह्या दोन ओळी क्रम लावणाऱ्या सॉर्ट कमांडला दिल्या, लोकॅल, म्हणजे भाषेची सेटिंग, दोन्हीकडे तोच, इंग्रजी यूटीएफ-८. जुन्या मशीनने ११ आधी ठेवलं, १-१ नंतर. नव्या मशीनने १-१ आधी, ११ नंतर. माझ्या मागे उभे राहून दिवाणजी चष्म्यातून बघत होते. "म्हंजे या दोघायची बाराखडीच येगळी हाय?" हो काका, तसंच.

आता ह्याच्यामागची भानगड. पोस्टग्रेस टेक्स्टचा क्रम स्वतः ठरवत नाही, तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर तो ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, आणि लिनक्समध्ये ते सांगायचं काम जीलिबसी नावाच्या लायब्ररीकडे असतं. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात क्रमवारीचे नियम आयएसओ १४६५१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीप्रमाणे बदलले गेले. आधी तुलना करताना आडव्या रेघेसारखी चिन्हं पहिल्या फेरीत जमेतच धरत नसत, म्हणून १-१ हे ११ च्या शेजारी जाऊन बसायचं. नव्या नियमात रेघेलाही वजन आलं. उबुंटू ह्या लिनक्सच्या १८.०४ मध्ये जुनी लायब्ररी, २.२७. त्यानंतरच्या २०.०४, २२.०४ ह्यांच्यात नवी. डेबियन ९ वरून १० वर जाणारे, रेडहॅट ७ वरून ८ वर जाणारे, सगळे ह्या एकाच खड्ड्यात पडले. नियम बदलणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नवा क्रम जास्त शहाणा आहे. पण डिस्कवर जुन्या क्रमाने लिहून ठेवलेला इंडेक्स तसाच राहतो आणि त्यात शोधणारा नव्या क्रमाने शोधतो.

पोस्टग्रेसचा नेहमीचा इंडेक्स बी-ट्री असतो, १९७० च्या सुमाराला बोईंग कंपनीत बायर आणि मॅक्रेट ह्या दोघांनी काढलेली रचना, आणि तिचा सगळा जीव एकाच गृहीतावर आहे, की माल क्रमाने लावलेला आहे. ८ केबीचं एक पान उघडायचं, शोधायचा नंबर त्यातल्या कुठल्या दोघांच्या मधे बसतो ते बघायचं, तिथून खालच्या पानावर. तीन-चार पायऱ्यांत लाखो ओळींतून एक ओळ हाती येते. पण वरच्याच पायरीवर "ह्याच्या आधी की नंतर" ह्याचं उत्तर बदललं की तो भलत्याच पानावर उतरतो, तिथे नंबर नसतो, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की नाही. आणि हे सगळ्याच नंबरांचं होत नाही, काही नंबर दोन्ही क्रमांत एकाच वाटेवर असतात म्हणून सापडतात, म्हणूनच हा आजार पकडायला इतका वाईट.

नवा सर्व्हर लावणाऱ्याने डेटाची डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या मशीनवर उचलून ठेवली होती. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, सगळं पहिल्या फटक्यात चालू झालं, त्यालाही बिचाऱ्याला बरं वाटलं असेल. पीजी-डम्प, म्हणजे सगळा माल बाहेर उतरवलेली फाईल, काढून नव्यात भरला असता तर इंडेक्स नव्या नियमाने नव्यानेच बांधले गेले असते आणि मला हे लिहायची वेळ आली नसती. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस आपल्या क्रमवारीची आवृत्ती लक्षात ठेवतो आणि ती बदलली की कनेक्ट करतानाच इशारा देतो. १३ मध्ये ती सोय नाही.

कारण सापडलं की बाकी काम म्हणजे हमाली असते, पण हमालीतही क्रम लागतो. आधी डेटाबेस बंद करून डिरेक्टरीची पूर्ण कॉपी बाहेरच्या डिस्कवर. मग चालू करून एक पीजी-डम्पही, तो टेबल सरळ वाचतो म्हणून इंडेक्स खराब असला तरी त्यात माल पूर्ण येतो. मग ॲमचेक नावाचं एक्स्टेंशन लावलं. त्यातलं बीटी-इंडेक्स-चेक हे फंक्शन इंडेक्सचं नाव दिलं की पानं उलटून बघतं, क्रम मोडलेला दिसला की "आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड" म्हणून एरर देतं, आणि दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं तर टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का तेही तपासतं. लॉक हलका घेतं, काम चालू असताना चालवता येतं. पोस्टग्रेस १४ पासून तर बाहेरूनच चालवायची पीजी-ॲमचेक कमांड आहे. मी सिस्टीमच्या कॅटलॉगमधून फक्त टेक्स्ट कॉलमवरच्या इंडेक्सांची यादी काढली आणि तेवढेच तपासले. दोन नापास. एक खात्यांच्या नंबराचा युनिक इंडेक्स, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देणारा, दुसरा पावत्यांच्या टेबलातला गाडी नंबराचा. आमच्या एमएच ३२ च्या गाड्यांचा नंबर कोणी रेघ देऊन लिहितो, कोणी जागा सोडून, कोणी सलग, त्यामुळे तिथे क्रम बिघडणारच होता. तारीख, रक्कम, पावती क्रमांक ह्यांचे इंडेक्स ठणठणीत होते, त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं.

खात्यांच्या इंडेक्सवर थेट रीइंडेक्स मारलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं, "कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स" आणि खाली कुठला नंबर डुप्लिकेट आहे ते. कारण दिवाणजींची शंका खरी होती. काट्यावर नंबर टाकला, सापडला नाही, प्रोग्रामने विचारलं नवीन खातं उघडायचं का, पोराने हो दाबलं. आता युनिक असताना तोच नंबर दुसऱ्यांदा कसा घुसला? तर युनिकची राखण करणाराही तोच इंडेक्स. तो भलत्या पानावर जाऊन बघून आला, म्हणाला इथे असा कोणी नाही, येऊ द्या. पहारेकऱ्याचाच रस्ता चुकलेला. परत इंडेक्स स्कॅनच्या तिन्ही सेटिंग ऑफ करून नंबरावर ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त अशी क्वेरी, म्हणजे कुठला नंबर एकापेक्षा जास्त वेळा आहे हा प्रश्न, मारली तेव्हा पूर्ण यादी समोर आली. ही क्वेरी त्या सेटिंग ऑफ न करता मारायची नाही, नाहीतर बिघडलेल्या इंडेक्सलाच विचारल्यासारखं होतं.

इथून पुढची रात्र ही डेटाबेसची कमी आणि माणसांची जास्त होती. एका नंबराची दोन खाती, दोन्हीत थोड्या थोड्या पावत्या, कोणाच्या एका खात्यात उचल घेतलेली आणि दुसऱ्यात कापसाचे पैसे जमा, म्हणजे एका कागदावर तो जिनिंगचं देणं लागतो आणि दुसऱ्यावर जिनिंग त्याचं. कुठलं खातं खरं ते कमांड लाईन सांगत नाही. दिवाणजी सातबाऱ्याच्या आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्सांची फाईल घेऊन माझ्या बाजूला बसले. मी नंबर वाचायचा, ते कागद काढायचे, "हा तोच हाय, याच्या पोराचं औंदा लगन होतं म्हनून उचल नेली व्हती", मी ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकदमच पक्का होणारा बदलांचा गठ्ठा, उघडायची, नव्या खात्याच्या पावत्या जुन्या खात्यावर वळवायची, बेरीज आधी आणि नंतर जुळते का बघायची, मग कमिट. काही ठिकाणी दोन ओळी इतक्या सारख्या की वेगळं ओळखायला फक्त सीटीआयडी उरला, म्हणजे ओळ कुठल्या पानावर कितव्या जागी आहे तो पत्ता. मध्ये दिवाणजींच्या घरून डबा आला, ज्वारीची भाकर आणि सोलेवांगे. त्या जेवणाबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

आदल्या संध्याकाळी मी मालकांकडून एकच गोष्ट मागून घेतली होती, खात्यांचं टेबल नीट होईपर्यंत कम्प्युटरवर एकही नवी एन्ट्री नको. काटा चालू ठेवा, पावती हाताने लिहा, सकाळी भरू. बिघडलेला युनिक इंडेक्स चालू ठेवून डुप्लिकेट काढत बसलं की एका बाजूने काढा, दुसऱ्या बाजूने घुसतात. म्हणून खात्यांसाठी मी कॉन्करंटलीच्या, म्हणजे काम न थांबवता रीइंडेक्स करायच्या, वाटेला गेलेच नाही, साधं रीइंडेक्स, जे टेबलावरचं लिहिणं अडवून ठेवतं. अडवू दे, कोणी लिहितच नव्हतं. टेबल लहान, काही सेकंदांत झालं. रात्रभराच्या मेहनतीनंतर ती कमांड इतक्या पटकन संपते की काट्यावरचा पोरगा म्हणाला, "बस, एवढंच?"

गाडी नंबराचा इंडेक्स वेगळा. पावत्यांचं टेबल बरंच मोठं, इंडेक्स युनिक नाही म्हणून चुकीचं काही आत घुसायची भीती नाही, आणि दिवसा एन्ट्र्या थांबवणं शक्य नाही. इथे कॉन्करंटली. पोस्टग्रेस १२ पासून रीइंडेक्सला हा शब्द लावता येतो, जुना इंडेक्स जागेवर ठेवून शेजारी नवा बांधतो आणि शेवटी अदलाबदल करतो. त्यासाठी डिस्कवर दोन्ही मावतील एवढी जागा लागते, ती डीएफ मारून आधी बघायची. ट्रान्झॅक्शनच्या आत ही कमांड चालत नाही. मेंटेनन्स वर्क मेम हे सेटिंग मुळात ६४ एमबी असतं, सेशनपुरतं ते वाढवलं की सॉर्ट लवकर होतो. आणि टीमक्स, रेंज गेली तरी सर्व्हरवर खिडकी उघडी ठेवणारा प्रोग्राम. आमच्याकडे नेटवर्क वाऱ्यावर चालतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएचने सर्व्हरला लांबून जोडलं आणि रेंज गेली तर चालू असलेली एक कमांड सर्व्हरवर बहुतेक पूर्ण होते, पण तिच्या पुढच्या कमांडी राहतात आणि काय झालं काय नाही ह्याचा पत्ता लागत नाही. टीमक्समध्ये असलं की परत येऊन जिथे होतो तिथे बसता येतं.

कमांड मारली आणि ती अडली. पीजी-स्टॅट-प्रोग्रेस-क्रिएट-इंडेक्स नावाचा, काम कुठवर आलं ते दाखवणारा व्ह्यू आहे, दुसऱ्या खिडकीत तो बघितला तर काम पुढे सरकतच नव्हतं, जुने ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघून राहिलं होतं. लोक इथे घाबरून किल मारतात. किल मायनस नाईन तर चुकूनही नाही, एका प्रोसेसला मारली की पोस्टग्रेस सगळ्यांची कनेक्शन तोडून रिकव्हरीत जातो आणि बाहेर काट्यावर बोंब उठते. आधी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये बघायचं की कोण अडवून बसलंय. तिथे एक सेशन होतं, स्टेट "आयडल इन ट्रान्झॅक्शन", पत्ता दोन नंबरच्या काट्याचा. म्हणजे तिथल्या कम्प्युटरवर कोणीतरी एन्ट्रीचा फॉर्म उघडला, अर्धा भरला, आणि उठून गेला. कुठे गेला? जेवायला. पीजी-टर्मिनेट-बॅकएंडने मी ते सेशन तोडू शकले असते, पण अर्धी भरलेली पावती कोणाची तरी होती, म्हणून फोन केला. "भाऊ, ते सेव्ह करून जा नं." "आलोच ताई, हात धुऊन रायलो." त्याने येऊन सेव्ह दाबलं आणि इकडे माझी कमांड पुढे सरकली.

सरकली, आणि थोड्या वेळाने लाईट गेली. यूपीएसने थोडं धरलं, पण जनरेटर चालू व्हायच्या आधीच सोडलं. परत चालू झाल्यावर टेबलाची माहिती काढली तर जुन्या इंडेक्सच्या खाली एक नवा पाहुणा, त्याच नावाच्या शेवटी सीसी-न्यू आणि पुढे इनव्हॅलिड. अर्धवट राहिलेलं कॉन्करंटली हे मागे ठेवून जातं. सर्व्हर उठल्यावर बिघडलेलं काही नसतं, पण तो इनव्हॅलिड इंडेक्स शोधायला कामाला येत नाही आणि नव्या एन्ट्रीला मात्र वजन टाकत राहतो, शिवाय जागा खातो. असे कधीकाळचे पडलेले सीसी-न्यू मी चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये बघितलेत, कोणाला माहीतही नसतात. ड्रॉप इंडेक्स कॉन्करंटलीने तो काढला आणि परत मारलं. मग ॲमचेक परत, दोन्ही इंडेक्सांवर, काही बोललं नाही म्हणजे पास.

ह्या सगळ्यानंतर मालक म्हणाले की हे रीइंडेक्स आता दर रविवारी आपोआप लावून ठेवा. हा आग्रह मला सगळीकडे भेटतो, खास करून एसक्यूएल सर्व्हर ह्या दुसऱ्या डेटाबेसवरून आलेल्या लोकांकडून, तिथे रात्री इंडेक्स रीबिल्डचा जॉब लावायची जुनी सवय आहे. माझं मत असं की कारण नसताना रीइंडेक्स करू नये. इंडेक्स फुगला असेल, खूप डिलीट झाले असतील, तर मोजून करावं. नुसत्या सवयीने करायला गेलात तर नव्या भानगडी अंगावर येतात, पोस्टग्रेस १४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तर कॉन्करंटली बांधलेला इंडेक्सच चुकीचा निघू शकेल असा बग होता, तो जून २०२२ मध्ये १४.४ ला दुरुस्त झाला. म्हणजे ज्याने त्या काळात दर रविवारी इमानदारीने रीइंडेक्स लावलं त्याने दर रविवारी धोका पत्करला. मी रविवारी रीइंडेक्सऐवजी ॲमचेक लावून दिलं, त्याचा निकाल माझ्या मेलवर येतो.

खाते नंबराच्या कॉलमला मात्र कायमचं औषध दिलं, कोलेट सी. त्यात क्रम नुसत्या बाइटांवर ठरतो, ऑपरेटिंग सिस्टीमला विचारणं नाही, उद्या कोणती लायब्ररी बदलली तरी १-१ आणि ११ आपल्या जागा सोडणार नाहीत. नंबराला हे चालतं. नावांना चालत नाही, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व च्या मधे बसवलाय, आणि दिवाणजींना ळ हा ह च्या नंतरच पाहिजे, शाळेत तसंच शिकवलं होतं. नावाची यादी म्हणून जुन्याच पद्धतीवर ठेवली आणि पुढे सर्व्हर बदलताना नावाचा इंडेक्स आधी बघायचा हे सर्व्हरच्या झाकणावर स्केचपेनने लिहून ठेवलं.

नावांवरून आठवलं. नंबरांचं आटोपल्यावर मी हौसेने नावंही तपासली तर एकाच गावात दोन वऱ्हाडे निघाले, नाव तेच, बापाचं नाव तेच, दिसायला शब्द अगदी सारखा, पण डेटाबेसला वेगळे. हेक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या आतल्या कोडमध्ये, बघितलं तर एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर टाईप केलेलं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दोन कीबोर्ड, दोन पद्धती. मी खूश होऊन दिवाणजींना म्हटलं हा बघा आणखी एक डुप्लिकेट, एकत्र करू का. ते फाईलही न उघडता म्हणाले, "राहू दे, ते दोन मानसं हायेत. चुलतभाऊ. दोघायचे बापही एकाच नावाचे, एक थोरला अन् दुसरा चुलतभाऊ लागे त्याचा." मी दोन्ही ओळी तशाच ठेवल्या, फक्त दोन्हीकडचा ऱ एकाच पद्धतीचा केला, आणि नावाच्या पुढे दिवाणजींनी सांगितलं तसं एकाच्या "पांदणीकडचा" आणि दुसऱ्याच्या "टाकीजवळचा" असं टाकून दिलं.